पुढचा खंड कोणता?
अमेरिकन सुपरहिरो-चित्रकथांचे संग्रह आणि वाचकाची निवड

१९३८ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक आला. किंमत दहा सेंट. निळ्या पोषाखातला एक पुरुष हिरवी मोटार उचलून खडकावर आपटीत आहे, असे त्याचे मुखपृष्ठ होते. सुपरमॅन हे त्याचे नाव. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी त्याला जन्म दिला होता आणि त्याच्यावरील सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलर्सना विकून टाकले होते. हा अंक कोणी जपून ठेवावा, अशी अपेक्षा नव्हती. तो वर्तमानपत्री कागदावर छापलेला होता. वाचून झाल्यावर मुलांनी तो आपसांत बदलावा, फाडावा, फेकावा, हेच त्याचे स्वाभाविक आयुष्य. पुढे महायुद्धाच्या काळात रद्दी कागद गोळा करण्याच्या देशव्यापी मोहिमा झाल्या, तेव्हा असे असंख्य अंक लगद्यात गेले. त्या काळच्या वाचकाला ‘यानंतर काय वाचावे’ हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. पुढचा महिना उजाडला की टपरीवर त्याचे उत्तर टांगलेले असे.

आज हाच प्रश्न या वाङ्मयाच्या वाचकाला सर्वांत अधिक छळतो. ग्रंथालयाच्या फळीवर एकाच नायकाचे तीसचाळीस खंड उभे असतात. काहींवर क्रमांक असतात, काहींवर नसतात. एकच कथा तीन वेगवेगळ्या नावांच्या ग्रंथांत आढळते आणि दुसरी एखादी कुठेच आढळत नाही. त्यांतून निवड करावयाची ती कोणत्या कसोटीवर? हा केवळ वैयक्तिक आवडीचा मामला आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वाचकाचा हात फळीकडे जाण्यापूर्वीच निवडीचे बरेचसे काम उरकलेले असते. कोणते अंक बांधले गेले, कोठून कोठपर्यंत बांधले गेले, कोणाच्या नावाने बांधले गेले, या तीन गोष्टींनी ते उरकलेले असते. आणि त्यांमागे एक इतिहास आहे.

नियतकालिकातून ग्रंथात जाणे ही घटना मराठी वाचकाला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली आणि नंतर ग्रंथरूप झाली. पण हरिभाऊंच्या कादंबरीला शेवट होता. सुपरमॅनला शेवट नाही, किंबहुना असता कामा नये, हीच त्याच्या अस्तित्वाची अट आहे. उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेल्या निबंधात या अडचणीवर नेमके बोट ठेवले होते. पुराणपुरुषाची कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. कादंबरीतील नायक काळाबरोबर झिजत जातो आणि पुढे काय होणार याची उत्सुकता त्यातूनच उत्पन्न होते. सुपरमॅनला पुराणपुरुषासारखे अक्षय राहावयाचे आहे आणि तरीही दर महिन्याला काहीतरी नवे करावयाचे आहे. म्हणून त्याच्या कथांमधला काळ वाहत नाही. तो धूसर, स्वप्नासारखा असतो. जेथे काळच वाहत नाही तेथे ‘पहिला’ आणि ‘पुढचा’ या शब्दांना अर्थ कसा यावा?

या कोड्याचे एक साधे उत्तर सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी, १९३६ साली, ली फॉक यांनी वर्तमानपत्री चित्रपट्टीत देऊन ठेवले होते. त्यांचा फँटम मरतो आणि त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो. सध्याचा फँटम हा त्या वंशातला एकविसावा. भारतीय वाचकाची मुखवटाधारी नायकाशी ओळख बव्हंशी याच फँटमने करून दिली. मुंबईहून १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने त्याला इंग्रजीबरोबरच मराठीसह अन्य भारतीय भाषांत आणले. फॉक यांची ही वंशपरंपरेची युक्ती मोठ्या अमेरिकन प्रकाशकांनी मात्र पूर्णांशाने कधीच स्वीकारली नाही. त्यांनी नायक तोच ठेवला आणि वर्षे मोजायचे टाळले.

वर्षे मोजली ती वाचकांनी. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या आरोपग्रंथामुळे आणि सिनेटच्या उपसमितीपुढील सुनावणीमुळे हा व्यवसाय हादरला; प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्या छायेत जुने नायक नव्या रूपात परत आले. १९६१ साली ‘फ्लॅश’च्या एका अंकात नव्या फ्लॅशची गाठ चाळिशीच्या दशकातल्या जुन्या फ्लॅशशी घालून देण्यात आली, जुना नायक दुसऱ्याच एका पृथ्वीवर राहत होता, असे त्याचे स्पष्टीकरण. ही लहानशी गंमत होती, पण तिच्यात एक कबुली दडलेली होती. जुने अंक कोणाच्या तरी स्मरणात आहेत आणि त्या स्मरणाचा हिशेब द्यावा लागेल, ही ती कबुली. त्याच वर्षी स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा ‘फॅन्टॅस्टिक फोर’ आणि पुढल्या वर्षी ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला. या कथांत एका अंकातले दुःख पुढल्या अंकात शिल्लक राहत असे. मागचे अंक हवेत, असे वाचकाला वाटू लागले ते येथून.

मागचे अंक मिळवून देणारा पहिला खरा ग्रंथ १९६५ सालचा. व्यंग्यचित्रकार ज्यूल्स फायफर यांनी ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ या नावाने जुन्या कथांची निवड केली आणि तिला आत्मपर निबंधाची जोड दिली. बालपणीच्या भिकार कागदावरील वाङ्मयाकडे एक प्रौढ, चोखंदळ मनुष्य गांभीर्याने पाहू शकतो, आणि पाहताना त्याचा भिकारपणाही लपवीत नाही, हे त्या निबंधाचे मोल आहे. नंतर १९७१ मध्ये सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्या तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या दशकांतील निवडक कथांचे दोन जाड ग्रंथ निघाले आणि १९७४ मध्ये स्टॅन ली यांच्या प्रास्ताविकांसह ‘ओरिजिन्स ऑफ मार्व्हल कॉमिक्स’ आले. या सर्व निवडींचे सूत्र एकच होते: नायकाची जन्मकथा. ली यांच्या खेळकर प्रास्ताविकांतून त्या जन्मांचे श्रेय लेखकाकडे ठळकपणे जाते आणि चित्रकाराचा वाटा पुसट होत जातो. एका पिढीने हा इतिहास तेथूनच पाठ केला. संग्रह नुसता जतन करीत नाही. साक्षही देतो, आणि साक्ष कोणाच्या बाजूची आहे हे पाहावे लागते.

ऐंशीच्या दशकात दृश्य पालटले. टपऱ्यांऐवजी कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने उभी राहिली आणि तेथे पुस्तक ठेवता येऊ लागले. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी १९८० साली ‘एक्स-मेन’मधून सांगितलेली डार्क फीनिक्सची शोकांतिका १९८४ मध्ये एका खंडात आली. फ्रँक मिलर यांची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ ही चार भागांची कथा १९८६ मध्ये ग्रंथरूप झाली. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स या इंग्रज जोडीची बारा अंकांची ‘वॉचमेन’ ही मालिका १९८७ मध्ये. या तीन पुस्तकांत शेवट होता. एको यांनी सांगितलेल्या धूसर काळातून नायक बाहेर पडला, म्हातारा झाला, मेला, अपराधी ठरला.

यांतील ‘वॉचमेन’ची रचना ग्रंथासाठीच झाली असावी, अशी आहे. पान बहुतेक ठिकाणी नऊ चौकटींत विभागलेले. पाचव्या प्रकरणाची पाने मध्यापासून दोन्ही दिशांना आरशातल्या प्रतिबिंबासारखी जुळवलेली. आणि अकरा प्रकरणांच्या अखेरीस आत्मचरित्राचे उतारे, अहवाल, पत्रे अशी गद्य पुरवणी. मागे जाऊन पुन्हा पाहिल्याशिवाय ते पूर्ण कळत नाही आणि मागे जाण्यासाठी बारा अंक एकत्र हवेत. पण या बांधणीची किंमत मूर आणि गिबन्स यांना चुकवावी लागली. पुस्तक मुद्रणातून गेल्यावर ठराविक काळाने हक्क त्या दोघांकडे परत यावेत, अशी तरतूद करारात होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोणतेही कॉमिक दोनतीन वर्षांत दुर्मिळ होई, त्यामुळे ही अट निर्मात्यांच्या लाभाची वाटली. ‘वॉचमेन’ मुद्रणातून कधी गेलेच नाही. २००५ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने निवडलेल्या शंभर इंग्रजी कादंबऱ्यांत ते आले, २००९ साली त्यावर चित्रपट झाला, २०१२ मध्ये मूर यांच्या विरोधाला न जुमानता पूर्वकथांच्या मालिका निघाल्या. कृतीला अमरत्व लाभले आणि त्या अमरत्वामुळेच कर्ते हक्काला मुकले. सीगल आणि शुस्टर यांची गोष्ट पन्नास वर्षांनी अधिक सुसंस्कृत भाषेत लिहिली गेली, इतकाच काय तो फरक.

‘वॉचमेन’ वाचून झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे ठरीव उत्तर ‘डार्क नाइट’ असे दिले जाते. दोन्ही एकाच वर्षी सुरू झाल्या, दोहोंत नायकाची उलटतपासणी आहे, म्हणून हे उत्तर सोयीचे आहे. परंतु त्याहून सकस वाट मूर यांच्या आधीच्या लेखनाकडे, ‘स्वॅम्प थिंग’कडे जाते. दलदलीतला वनस्पतिदेह धारण केलेला हा नायक आपण एके काळी माणूस होतो या समजुतीवर जगत असतो. १९८४ सालच्या एकविसाव्या अंकात एक शास्त्रज्ञ त्याचे शवविच्छेदन करतो आणि तो माणूस कधीच नव्हता, माणसाची आठवण शोषून घेतलेली ती केवळ वनस्पती आहे, हे सिद्ध करतो. बिसेट आणि टॉटलबेन यांनी रेखाटलेली ही कथा या वाङ्मयप्रकारातील थोड्या खरोखर तत्त्वचिंतनात्मक कथांपैकी एक आहे. १९८७ चा संग्रह येथूनच सुरू झाला. परंतु मूर यांचे या मालिकेतील लेखन एकविसाव्या नव्हे तर विसाव्या अंकापासूनचे. त्या अंकात त्यांनी आधीच्या लेखकाचे सुटे धागे गाठी मारून संपवले होते. संपादकांना तो प्रारंभ म्हणून शोभणारा वाटला नसावा. तो संग्रहात आला २००९ मध्ये, बावीस वर्षांनी. तोवरच्या वाचकांच्या दृष्टीने कृती स्वच्छ, एकदम, शवविच्छेदनाच्या टेबलावरच जन्मली होती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे संहितेचा आरंभ कोठे मानावा हा वाद ज्यांना परिचित आहे, त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही. विसावा अंक घेऊन वाचले तर मूर हे वारसा स्वीकारून तो मोडणारे लेखक दिसतात. तो वगळून वाचले तर शून्यातून निर्माण करणारे. दोन्ही खंड ग्रंथालयात सापडतात आणि वाचकाने कोणता उचलला यावर त्याच्या मनातला मूर ठरतो.

याच लेखकाची त्याआधीची ‘मिरॅकलमॅन’ ही मालिका तर हक्कांच्या तंट्यात अशी अडकली की दोनएक दशके तिचा एकही नवा संग्रह बाजारात नव्हता. १९८२ मध्ये ब्रिटनमधील ‘वॉरियर’ मासिकातून ‘मार्व्हलमॅन’ या नावाने सुरू झालेली ही कथा ‘वॉचमेन’ची बीजभूमी होय. समीक्षकांनी तिची नावे घ्यावीत आणि विद्यार्थ्यांना ती मिळू नये, अशी विचित्र स्थिती होती. २०१४ पासून मार्व्हलने ती पुन्हा छापावयास घेतली, तेव्हा मूर यांनी आपले नाव त्यावर नको असे सांगितले. लेखकाच्या जागी ‘मूळ लेखक’ एवढेच शब्द छापले गेले.

जॅक कर्बी यांची कथा निराळी, पण तितकीच बोधक. मार्व्हल सोडून डीसी प्रकाशनाकडे आल्यावर त्यांनी १९७० ते १९७३ या काळात ‘न्यू गॉड्स’, ‘फॉरेव्हर पीपल’ आणि ‘मिस्टर मिरॅकल’ या तीन नव्या मासिकांतून आणि सुपरमॅनच्या एका मित्राच्या नावे निघणाऱ्या चौथ्या, जुन्या मासिकातून एकच महाकथा सांगावयास घेतली. ती मर्यादित असावी, संपावी आणि ग्रंथरूप व्हावी, अशी त्यांची मनीषा होती, असे त्यांच्या सहकाऱ्याने नोंदवले आहे. ग्रंथाची कल्पना काळाच्या फार पुढे होती. मासिके अकाली बंद झाली. नंतरची पुनर्मुद्रणे मासिकवार निघाली, म्हणजे एक मासिक सबंध, मग दुसरे सबंध. चार नद्या एकमेकींना मिळतात त्या जागाच त्यामुळे दिसेनाशा झाल्या. अखेर २००७-०८ मध्ये चार खंडांत हे सर्व अंक ज्या क्रमाने प्रसिद्ध झाले त्या क्रमाने लावण्यात आले. या क्रमात पहिल्याच खंडात सुपरमॅनच्या त्या बावळट मित्राची पाने ओलांडताना खलनायक डार्कसाइडचा चेहरा एका लहान पडद्यावर प्रथम चमकून जातो, आणि विनोदी मासिकाच्या अंगणातून केवढे मोठे युद्ध आत शिरत आहे हे कळते. कर्बी १९९४ मध्ये निवर्तले होते. नायक पाहून खंड निवडणाऱ्याच्या हाती हे चार खंड बहुधा लागत नाहीत, कारण त्यांवरचे नायक प्रसिद्ध नाहीत. निर्माता पाहून निवडणाऱ्याला ते टाळता येत नाहीत.

२००० नंतर ग्रंथ हा अंकाचा पाठलाग करीत नाहीसा झाला. अंकच ग्रंथासाठी लिहिला जाऊ लागला. याचे मोजता येण्याजोगे उदाहरण स्पायडरमॅनच्या जन्मकथेचे आहे. ली आणि डिटको यांनी १९६२ मध्ये ती अकरा पानांत सांगितली: कोळ्याचा दंश, गर्व, चोराला जाऊ देणे, काकांचा मृत्यू, पश्चात्ताप. ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली यांनी २००० साली तीच कथा नव्याने मांडली आणि पहिला खंड भरण्यास सात अंक लागले. नव्या आवृत्तीत काका-काकू बोलतात, शाळा दिसते, घरातला ताण जाणवतो; हा लाभ नाकारता येत नाही. पण अकरा पानांत जो नियतीचा आघात होता तो पसरून पातळ झाला, असेच म्हणावे लागते. ग्रांट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ (२००५-०८) मध्ये याच्या उलट केले. त्यांनी सुपरमॅनची जन्मकथा एका पानात, चार चौकटींत उरकली आणि उरलेले बारा अंक मरण जवळ आलेल्या नायकाने उरलेला वेळ कसा घालवला यासाठी ठेवले. बेंडिस-बॅग्लींच्या खंडानंतर हा खंड वाचावा. दोहोंच्या शेजारामुळे दोन्ही अधिक कळतात.

बाजारातल्या क्रमांकांवर मात्र फारसा विश्वास टाकू नये. १९८७ पासूनचे ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’ आणि १९८९ पासूनचे ‘डीसी आर्काइव्ह्ज’ हे प्रतिष्ठित पण महाग खंड आरंभापासून क्रमाने पुढे सरकत गेले. नव्वदीच्या मध्यास आलेले ‘इसेन्शियल’ हे पाचपाचशे पानांचे स्वस्त खंड बिनरंगी होते. त्यांत रंग गेला, पण रेषा उघडी पडली आणि डिटको यांची बोटे रेखाटण्याची हातोटी अनेकांनी प्रथम तेथेच पाहिली. २०१३ पासूनच्या ‘एपिक कलेक्शन’ मालेत खंडांवरील क्रमांक कथेच्या कालक्रमाचे असतात, प्रकाशनाच्या नव्हे. सतरावा खंड दुसऱ्याच्या आधी येऊ शकतो. रंगाची बाब वेगळीच. वर्तमानपत्री कागद शोषून घेईल या हिशेबाने भरलेले रंग तुकतुकीत कागदावर भडक होतात. ‘द किलिंग जोक’ (१९८८) चे चित्रकार ब्रायन बोलंड यांनी २००८ च्या आवृत्तीसाठी सर्व पाने स्वतः पुन्हा रंगवली. जॉन हिगिन्स यांच्या मूळ रंगांतला पिवळा-जांभळा ज्वर जाऊन तेथे थंड, राखी उजेड आला. चित्रकाराची इच्छा प्रमाण मानावी की पहिल्या वाचकाने पाहिलेले पान? साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढे तरी ग्रंथालयाने शक्य करावे.

काय बांधले गेले नाही, याचाही विचार व्हावयास हवा. वाचकांच्या पत्रांची पाने संग्रहांतून सहसा गळतात, आणि त्या पानांतच या वाङ्मयाची पहिली समीक्षा झालेली आहे. डॉन मॅक्ग्रेगर यांनी १९७३ ते १९७५ या काळात ‘जंगल अ‍ॅक्शन’ नावाच्या दुय्यम मासिकातून ब्लॅक पँथरची प्रदीर्घ कथा लिहिली. तीत आफ्रिकेतील एक राजा आपल्याच राज्यातील बंडाला सामोरा जातो आणि जवळजवळ सर्व पात्रे कृष्णवर्णीय आहेत. तिला सुबक ग्रंथरूप मिळण्यास २०१० साल उजाडले. २०२२ मध्ये पेंग्विन क्लासिक्सने मार्व्हलचे तीन खंड आपल्या मालेत घेतले, त्यांत स्पायडरमॅन आणि कॅप्टन अमेरिका यांच्या जोडीला ब्लॅक पँथर होता. होमर आणि ऑस्टिन यांच्या मालेत स्थान मिळण्यापूर्वी ‘जंगल अ‍ॅक्शन’चे ते अंक पस्तीस वर्षे जुन्या अंकांच्या खोक्यांत पडून होते. मुंबईत राहणाऱ्या पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनच्या २००४ सालच्या चार अंकांचाही संग्रह झाला; पण त्यात धोतर आणि रावणसदृश राक्षस असूनही मूळ कथेचा साचा जसाच्या तसा राहिला, आणि पुढचा खंड म्हणून शिफारस करावी असे त्यात थोडेच आहे. त्याऐवजी जी. विलो विल्सन यांनी जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातील कमला खान या मुलीवर लिहिलेला ‘मिस मार्व्हल’चा पहिला खंड घ्यावा. २०१५ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला तो उगीच नव्हे. त्यात मुखवट्यापेक्षा घरचे जेवणाचे टेबल अधिक खरे आहे.

खंड हाती आल्यावर पहिले वाचावे ते नामपृष्ठ. सीगल आणि शुस्टर यांची नावे त्यांच्या नायकावर पुन्हा झळकली ती १९७५ सालच्या मोहिमेनंतर, प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर्सच्या निवृत्तिवेतनासह. बॅटमॅनच्या बाबतीत याहून दीर्घकाळ गेला. १९३९ मध्ये बॉब केन यांच्याबरोबर बिल फिंगर या लेखकाने तो नायक घडवला; करार मात्र एकट्या केन यांच्या नावे होता. फिंगर १९७४ मध्ये वारले. २०१५ पूर्वी छापलेल्या बॅटमॅनच्या खंडांत निर्माता म्हणून एकच नाव आढळते. त्यानंतरच्या आवृत्त्यांत, त्याच कथांच्या, त्याच पानांच्या आधी दोन नावे आहेत. बहुतेक ग्रंथालयांत अजून जुनी प्रतच आहे.